जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे वय कसे ठरवतात? एका वाद्याची साधनचिकित्सा

१/२४
२० जून २०१९ रोजी न्यूयॉर्कमधील ख्रिस्तीज या लिलावगृहात एक पांढरी गिटार विक्रीस आली. ती फेंडर कंपनीची स्ट्रॅटोकास्टर होती आणि पिंक फ्लॉइडचे वादक डेव्हिड गिलमोर यांनी ती चार दशके जपली होती. तिच्या मानेमागील धातूच्या पट्टीवर क्रमांक होता ०००१. बोली थांबली तेव्हा तिची किंमत १८ लाख १५ हजार डॉलर झाली होती. क्रमांक पाहून कोणालाही वाटावे, की जगातील पहिली स्ट्रॅटोकास्टर ती हीच. प्रत्यक्षात ती पहिली नव्हती.

२/२४
त्या गिटारच्या मानेवर जून १९५४ ची आणि धडावर सप्टेंबर १९५४ ची नोंद आहे. स्ट्रॅटोकास्टर गिटारी मात्र त्या वर्षीच्या वसंतापासूनच तयार होऊ लागल्या होत्या. म्हणजे एकाच वाद्यावर तीन साक्षी आहेत आणि त्या तिन्ही वेगवेगळे सांगतात. मग खरे मानायचे कोणाला? वापरलेल्या इलेक्ट्रिक गिटारचे वय आणि मूळ शोधणाऱ्या प्रत्येकापुढे हाच प्रश्न उभा असतो. तो सोडवण्याची रीत इतिहासाच्या अभ्यासकाला परकी नाही. तिला साधनचिकित्सा म्हणतात.

३/२४
वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. घटनेनंतर पुष्कळ काळाने लिहिलेल्या बखरीपेक्षा घटनेच्या वेळी कामकाजासाठी लिहिलेला साधा कागद अधिक विश्वसनीय, हा आग्रह त्यानंतर मराठी इतिहासलेखनात रुजला. गिटारच्या बाबतीतही हेच सूत्र लागू पडते. ग्राहकाला दिसावा म्हणून ठळकपणे छापलेल्या मजकुरापेक्षा, कारागिराने सोयीसाठी आतल्या बाजूला पेन्सिलीने केलेली नोंद बहुधा जास्त खरी असते.

४/२४
आधी थोडी पार्श्वभूमी. लिओ फेंडर हे कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावचे रेडिओ दुरुस्त करणारे गृहस्थ. ते स्वतः गिटारवादक नव्हते. १९५० मध्ये त्यांनी भरीव लाकडी धडाची इलेक्ट्रिक गिटार बाजारात आणली. तिची मान धडाला सरसाने चिकटवलेली नव्हती, चार स्क्रूंनी जोडलेली होती. मान झिजली तर काढावी आणि दुसरी बसवावी, इतका सरळ हिशेब. दुरुस्ती सोपी करणाऱ्या याच रचनेने पुढे वय ठरवणे अवघड केले, कारण अशा गिटारचा कोणताही भाग कधीही बदलता येतो.

५/२४
म्हणून पहिला नियम असा : गिटारला एक जन्मतारीख नसते. मान एका महिन्यात घडते, धड दुसऱ्या महिन्यात रंगते, आतले विद्युतभाग तिसऱ्याच गावच्या कारखान्यातून वर्षभर आधी आलेले असतात. हे सारे एकत्र जोडले जाते तो दिवस बहुधा कुठेच लिहिलेला नसतो. अभ्यासकाला तो आजूबाजूच्या तारखांवरून काढावा लागतो. सर्वांत उशिराची अस्सल तारीख ज्या भागावर सापडेल, त्याआधी ते वाद्य पूर्ण झालेले असू शकत नाही. ‘याच्या आधी नाही’ एवढेच विधान निश्चित असते. ‘याच वर्षी’ म्हणायला आणखी पुरावा लागतो.

६/२४
विक्रेता प्रथम अनुक्रमांक दाखवतो, म्हणून आधी त्याचीच परीक्षा. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून फेंडरचा क्रमांक मानेमागच्या पट्टीवर ठोकलेला असे. या पट्ट्या पेटीत एकत्र पडलेल्या असत आणि कामगार हाताला येईल ती उचलून बसवी. पेटीच्या तळाची पट्टी महिनोन्महिने तिथेच राही. त्यामुळे मोठ्या क्रमांकाची गिटार लहान क्रमांकाच्या गिटारपेक्षा जुनी असणे ही नेहमीची गोष्ट आहे. गिलमोर यांच्या ०००१ चे कोडेही इथेच सुटते. तो क्रमांक पट्टीचा आहे. गिटारी कोणत्या क्रमाने तयार झाल्या हे तो सांगत नाही.

७/२४
तरीही क्रमांकावरून कालखंड कळतो. १९६२ च्या अखेरीपासून १९६५ पर्यंत क्रमांकाच्या आधी ‘एल’ हे अक्षर येते. १९६५ ते १९७६ या काळातील पट्टीवर मोठे ‘एफ’ कोरलेले असते. १९७६ पासून क्रमांक पट्टीवरून उठून गिटारच्या माथ्यावर, म्हणजे हेडस्टॉकवर गेला. तिथे ‘एस’ म्हणजे सत्तरचे दशक, ‘ई’ म्हणजे ऐंशीचे, ‘एन’ म्हणजे नव्वदचे आणि पुढचा अंक वर्षाचा. पण छापून ठेवलेल्या चकत्या संपेपर्यंत वापरल्या जात, म्हणून एखादे वर्ष मागेपुढे धरावेच लागते.

८/२४
एवढ्या काटेकोरपणाची गरज काय? कारण मधे १९६५ हे वर्ष आहे. त्या वर्षी जानेवारीत सीबीएस या प्रसारण कंपनीने फेंडर १ कोटी ३० लाख डॉलरना विकत घेतली. उत्पादन वाढले, खर्च कापला गेला आणि दर्जा घसरला अशी वादकांची धारणा झाली. तेव्हापासून सीबीएसपूर्व गिटारला वेगळाच भाव येतो. साहजिकच १९६६ ची गिटार १९६४ ची म्हणून खपवण्याचा मोह मोठा असतो. ‘एल’ अक्षराच्या पट्ट्या तर १९६५ मध्येही वापरात होत्या. केवळ त्या अक्षरावर विसंबून पैसे मोजणारा फसू शकतो.

९/२४
मिशिगन राज्यातील कलामझू गावच्या गिब्सन कंपनीची रीत निराळी. १९५३ ते १९६० या काळात तिच्या भरीव धडाच्या गिटारींच्या माथ्यामागे शाईने क्रमांक उमटवत आणि त्याचा पहिला अंक वर्षाचा असे : ९ म्हणजे १९५९. पुढे साठच्या दशकात मात्र कारभार असा विस्कटला, की तेच क्रमांक वेगवेगळ्या वर्षांत पुन्हा वापरले गेले. त्या काळातील एकाच क्रमांकाला दोन-तीन वर्षे लागू पडतात. मग माथ्यामागे ‘मेड इन यूएसए’ ठोकलेले आहे का, हे पाहावे लागते, कारण ते साधारण १९७० पासून दिसू लागते.

१०/२४
१९७७ मध्ये गिब्सनने आठ अंकी पद्धत आणली आणि अभ्यासकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. उदाहरणादाखल ८०४५२०६७ हा क्रमांक घेऊ. पहिला आणि पाचवा अंक जोडला की वर्ष मिळते, ८२. मधले तीन अंक त्या वर्षातील दिवस सांगतात : पंचेचाळिसावा, म्हणजे १४ फेब्रुवारी. शेवटचे तीन अंक पाचशेच्या आत असले तर कारखाना कलामझूचा, पाचशे किंवा अधिक असले तर टेनेसीतील नॅशव्हिलचा. १९८४ मध्ये कलामझूचा कारखाना बंद झाला आणि ही शेवटची खूण निरर्थक ठरली. तिथल्या काही जुन्या कर्मचाऱ्यांनी १९८५ मध्ये त्याच गावात हेरिटेज ही नवी कंपनी उभी केली.

११/२४
आता आतले पुरावे. फेंडरची मान धडापासून सोडवली, की तिच्या टोकावर अनेकदा तारीख दिसते. १९६२ च्या सुरुवातीपर्यंत ती पेन्सिलीने लिहिलेली असते, नंतर शिक्क्याने उमटवलेली. पन्नासच्या दशकातील काही मानांवर तारखेसोबत ‘टी जी’ ही आद्याक्षरे आढळतात. ती टॅडेओ गोमेझ या कामगाराची. कंपनीच्या जाहिरातींत त्याचे नाव नव्हते. आज त्याच्या दोन अक्षरांवर संग्राहक लाखो रुपयांचा भाव ठरवतात.

१२/२४
१९५४ च्या काही स्ट्रॅटोकास्टरच्या पोकळीत चिकटपट्टीचा तुकडा मिळतो आणि त्यावर ‘मेरी’ किंवा ‘ग्लोरिया’ असे नाव असते. तारा जोडणाऱ्या या कामगार स्त्रिया. ॲबिगेल इबारा १९५६ मध्ये फेंडरमध्ये रुजू झाल्या. तारांची कंपने पकडणाऱ्या पिकअपवर केसासारखी बारीक तांब्याची तार गुंडाळणे हे त्यांचे काम. त्यांनी ते २०१३ पर्यंत केले. साठच्या दशकाच्या मध्यापासून पिकअपच्या तळावर हाताने लिहिलेल्या तारखाही सापडतात. फुलर्टनच्या कामगारांत मेक्सिकन वंशाचे लोक मोठ्या संख्येने होते. वाद्याचे वय शोधताना त्यांचाही इतिहास हाती लागतो.

१३/२४
आवाज कमी-जास्त करण्याच्या बटणाखाली जो गोल विद्युतभाग असतो त्याला गिटारवाले ‘पॉट’ म्हणतात. अमेरिकी पॉटच्या पाठीवर एक अंकमाला ठोकलेली असते. पहिले तीन अंक बनवणाऱ्या कंपनीचे, १३७ म्हणजे सीटीएस, ३०४ म्हणजे स्टॅकपोल. नंतर वर्ष आणि आठवडा. ३०४६२३४ याचा अर्थ स्टॅकपोल, १९६२, चौतिसावा आठवडा. हा भाग गिटार कंपनीने बनवलेलाच नाही, म्हणून त्याची साक्ष त्रयस्थाची आहे. खटल्यात त्रयस्थ साक्षीदाराला जे महत्त्व असते तेच इथे या अंकांना आहे.

१४/२४
पण त्रयस्थाची साक्षही जपून घ्यावी लागते. १९६६ मध्ये फेंडरने पॉटचा एवढा मोठा साठा खरेदी केला, की तो दशकाच्या अखेरीपर्यंत पुरला. परिणामी १९६९ च्या गिटारमध्येही १९६६ चे पॉट निघतात. केवळ पॉट पाहणारा अभ्यासक तीन वर्षांनी चुकेल. पॉट १९६६ चा म्हणून गिटार १९६६ ची, हा निष्कर्ष चूक. गिटार १९६६ पूर्वीची नाही, हा निष्कर्ष बरोबर. या दोन वाक्यांतला फरक ज्याला उमगला त्याला साधनचिकित्सेचा गाभा उमगला.

१५/२४
पॉट मूळचा आहे हे तरी कशावरून? त्यासाठी सोल्डरचे, म्हणजे कथलाच्या डाखाचे, सांधे पाहतात. कारखान्यात एकदाच दिलेला डाख मळकट आणि एकसंध असतो. पुन्हा उकललेल्या सांध्याजवळ चकाकी, जळका डाग किंवा जास्तीचा थर दिसतो. तीन पॉटपैकी दोन १९६४ चे आणि एक १९७२ चा निघाला, तर गिटार १९७२ ची ठरत नाही. तो एक पॉट दुरुस्तीत बदलला असावा, असा तर्क करून त्याचा सांधा तपासायचा. मान, धड आणि उरलेले दोन पॉट एकमेकांशी जुळले, तर बहुमताला वजन येते.

१६/२४
तारखा मिटल्या असतील तर घडणीकडे वळावे. मोडी कागदाचा तारखेचा भाग फाटला असला, तरी अक्षरवळणावरून तो शिवकालीन की पेशवेकालीन हे जाणकार ताडतात. स्ट्रॅटोकास्टरचेही असे वळण आहे. १९५४ ते १९५९ मान मेपल या फिकट लाकडाची एकसंध. १९५९ पासून तिच्यावर गडद रोझवूडची पट्टी, आधी जाड व तळाशी सपाट, १९६२ च्या मध्यानंतर पातळ व वक्र. १९६५ च्या अखेरीस माथा मोठा झाला. १९७१ च्या अखेरीस मानेचे स्क्रू चारावरून तीनावर आले. बनावट करणारा क्रमांक बदलतो, पण वळण बदलणे त्याला सहसा जमत नाही.

१७/२४
कधी कधी अनुपस्थिती हाच पुरावा ठरतो. फेंडरने आपल्या एका गिटारला ‘ब्रॉडकास्टर’ नाव दिले होते. ग्रेच कंपनी तशाच उच्चाराच्या नावाने ड्रम विकत असे. १९५१ च्या आरंभी तिने हरकत घेतली. फेंडरच्या कामगारांनी छापून ठेवलेल्या चकत्यांतून गिटारचे नाव कातरले आणि फक्त कंपनीचे नाव चिकटवले. काही महिन्यांनी ‘टेलिकास्टर’ हे नवे नाव ठरले. मधल्या काळातील या निनावी गिटारींना संग्राहक गमतीने ‘नोकास्टर’ म्हणतात. माथ्यावर नाव नसणे हीच तिथे १९५१ ची मोहोर आहे.

१८/२४
लाकूडही बोलते, आणि इथे सह्याद्रीचा संबंध येतो. जुन्या अमेरिकी गिटारींतील गडद पट्टी ब्राझिलियन रोझवूडची असे. ब्राझीलने साठच्या दशकाच्या अखेरीस त्याच्या ओंडक्यांची निर्यात रोखली. अमेरिकी कारखाने भारतीय रोझवूडकडे वळले. हे झाड म्हणजे पश्चिम घाटातही वाढणारा शिसव. पुढे १९९२ मध्ये ब्राझिलियन जातीला आंतरराष्ट्रीय व्यापारबंदीच्या सर्वांत कडक यादीत घालण्यात आले. २०१७ मध्ये शिसवाच्या संपूर्ण कुळावर निर्बंध आले. तयार वाद्यांना २०१९ मध्ये त्यांतून सूट मिळाली, पण ब्राझिलियन जात या सवलतीबाहेर राहिली. तेव्हा पट्टी कोणत्या लाकडाची, हा सीमा ओलांडताना कायद्याचाही प्रश्न असतो.

१९/२४
वयाइतकाच अवघड प्रश्न मुळाचा. माथ्यावरचे नाव बनवणाऱ्याचे असतेच असे नाही. ‘सिल्व्हरटोन’ हे सिअर्स या अमेरिकी दुकानसाखळीचे नाव होते, गिटारी बनवत वेगवेगळे कारखाने, काही तर जपानी. ‘आयबानेझ’ हे नाव साल्वादोर इबान्येस या स्पॅनिश कारागिराचे. ते वापरणारी होशिनो गाक्की मात्र जपानमधील नागोयाची, १९०८ मध्ये पुस्तकांच्या दुकानातून निघालेली. १९७५ पासून आयबानेझच्या क्रमांकात अक्षर महिन्याचे आणि दोन अंक वर्षाचे आले : ‘एफ ७८’ म्हणजे जून १९७८. त्याआधीच्या असंख्य जपानी गिटारींवर क्रमांकच नाही. तिथे मिलिमीटरच्या मापाचे स्क्रू आणि पॉट हेच पहिले सुगावे.

२०/२४
सत्तरच्या दशकात जपानी कारखाने गिब्सन व फेंडरच्या हुबेहूब प्रतिकृती काढू लागले. २८ जून १९७७ रोजी गिब्सनची मालक कंपनी नॉर्लिन हिने आयबानेझच्या अमेरिकी वितरकावर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. वाद होता माथ्याच्या आकाराचा, आणि आयबानेझने तो आकार आधीच बदललेला होता. १९७८ मध्ये तडजोड झाली. तरी आजही त्या काळातील कोणतीही जपानी प्रतिकृती ‘लॉसूट गिटार’ म्हणून चढ्या भावाने विकली जाते. एका कंपनीवरचा एक दावा साऱ्या देशाच्या मालाला चिकटला. दंतकथा अशीच तयार होते, आणि या दंतकथेची किंमत ग्राहक मोजतो.

२१/२४
काही वर्षांत चित्र उलटले. १९८२ मध्ये फेंडरने स्वतःच जपानमध्ये भागीदारी केली. मात्सुमोतो येथील फुजिगेन कारखान्यात ‘जेव्ही’ क्रमांकाच्या गिटारी बनू लागल्या आणि त्यांच्या सुबकतेने अमेरिकी अधिकारीही चकित झाले. १९८५ मध्ये सीबीएसने १ कोटी २५ लाख डॉलरना कंपनी तिच्याच व्यवस्थापकांना विकली, पण फुलर्टनचा कारखाना त्या व्यवहारात नव्हता. नवा कारखाना कोरोना येथे उभा राहीपर्यंत बहुतेक फेंडर जपानहून येत. १९८७ मध्ये मेक्सिकोतील एन्सेनादा येथेही काम सुरू झाले. म्हणून ऐंशीच्या दशकातील फेंडर हाती आली, तर ‘कधी’च्या आधी ‘कुठे’ विचारावे.

२२/२४
अस्सल कागदातही खोटे विधान असू शकते, हा साधनचिकित्सेतील सर्वांत कठीण धडा. सेथ लव्हर यांनी गिब्सनसाठी गुणगुण शोषणारा ‘हंबकर’ पिकअप बनवला आणि १९५५ मध्ये पेटंटचा अर्ज केला. पिकअपच्या तळाशी ‘पेटंटसाठी अर्ज केला आहे’ अशी चकती असे. पेटंट १९५९ मध्ये मंजूर झाले, पण चकती १९६२ च्या सुमारापर्यंत तीच राहिली. नंतर क्रमांकाची चकती आली : २७३७८४२. हे पेटंट पिकअपचे नव्हतेच. ते लेस पॉल यांच्या नावावरील, तारा अडकवण्याच्या भागाचे होते. चकती अस्सल, तिच्यावरचे विधान चूक. तरी वय ठरवायला ती उपयोगी पडते, कारण तो चुकीचा क्रमांक कोणत्या काळात छापला गेला हे ठाऊक आहे.

२३/२४
मग सांधलेल्या गिटारचे वय कोणते? १९७० मध्ये एरिक क्लॅप्टन यांनी नॅशव्हिलच्या एका दुकानातून सहा जुन्या स्ट्रॅटोकास्टर घेतल्या. तीन मित्रांना दिल्या : जॉर्ज हॅरिसन, पीट टाउनशेंड आणि स्टीव्ह विनवुड यांना. उरलेल्या तिघींचे उत्तम भाग जोडून एक काळी गिटार केली. तीच ‘ब्लॅकी’. भाग १९५६-५७ च्या सुमाराचे, जन्म त्यानंतरचा. २००४ मध्ये ती ९,५९,५०० डॉलरना विकली गेली. इथे सरमिसळ उघड सांगितलेली आहे, म्हणून तीच तिची अस्सलता ठरली. हीच सरमिसळ लपवून केली असती, तर तिला फसवणूक म्हटले असते. गिटारचे भाग बदलण्यात गैर काही नाही. दोष नोंद खोडण्यात आहे.

२४/२४
जुनी गिटार हाती आली, तर क्रम असा असावा. आधी बाहेरचे वळण पाहावे. मग क्रमांकावरून कालखंड ठरवावा. मग जाणत्या कारागिराकडून मान सोडवून तारीख आणि शेवटी पॉटचे अंक व सांधे. प्रत्येक टप्प्याचे छायाचित्र ठेवावे आणि प्रत्येक साक्षीपुढे ‘याच्या आधी नाही’ असे लिहावे. साऱ्या साक्षी जिथे एकत्र येतील ते वय. न जुळणारी साक्ष फेकू नये, कारण ती बहुधा दुरुस्तीची कहाणी सांगत असते. आणि जुनी मान घासून नवी करण्यापूर्वी दोनदा विचार करावा. पॉलिशच्या एका हातात टॅडेओ गोमेझची दोन अक्षरे पुसली जातात, आणि ती पुन्हा कोणत्याही लिलावात विकत मिळत नाहीत.